पेडल खाली का जाते? जुन्या गाडीच्या मऊ ब्रेकचा आढावा

जुनी गाडी विकणाऱ्याला ब्रेकविषयी विचारले की बहुधा ठरलेले उत्तर मिळते: "जुन्या गाड्यांचे ब्रेक असेच असतात, दोन पंप मारले की धरतात." घेणारा तोवर गाडीच्या प्रेमात पडलेला असतो, म्हणून तोही मान डोलावतो. गाडी घरी येते, ओळखीच्या गॅरेजमध्ये जाते, मेकॅनिक एअर काढून देतो, चार दिवस बरे जातात आणि पाचव्या दिवशी पेडल पुन्हा फळीला टेकते.

या सगळ्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते आणि तीच चुकीची आहे. बूस्टर नसलेल्या, चारही चाकांना ड्रम असलेल्या जुन्या गाडीचे ब्रेक निरोगी असतील तर तिचे पेडल आजच्या गाडीपेक्षा कडक लागते. पायाला जोर जास्त लागतो, थांबायला अंतरही जास्त लागते, पण पेडल वरच्या वर धरते आणि एकदा धरले की हलत नाही. जास्त जोर लागणे हा त्या काळच्या बांधणीचा स्वभाव आहे. पेडल खोल जाणे, दबत राहणे किंवा पायाखालून निसटणे हा मात्र बिघाडच, मग गाडी १९५५ ची असो वा १९९५ ची.

आपल्याकडे या प्रश्नाचा सर्वांत ओळखीचा रुग्ण म्हणजे प्रीमियर पद्मिनी. फियाट ११०० वर बेतलेली, कुर्ल्याच्या कारखान्यात वर्षानुवर्षे बनलेली, सुमारे ९०० किलो वजनाची ही गाडी आज हौशी लोकांच्या हातात पुन्हा येते आहे. ॲम्बेसेडर, मॉरिस मायनर, बीटल यांची कथा फार वेगळी नाही. त्यामुळे पुढचे विवेचन मुख्यतः ड्रम ब्रेकच्या गाड्यांना धरून आहे. डिस्क असलेल्या गाड्यांचा विचार शेवटाकडे स्वतंत्रपणे केला आहे.

पायाखाली काय घडते

पेडल ही एक तरफ आहे. पायाने दिलेला जोर ती साधारण पाचपट करून पुशरॉडमार्फत मास्टर सिलिंडरच्या पिस्टनवर टाकते. पिस्टन ब्रेक ऑइल ढकलतो, ते पाइपांतून चारही चाकांच्या व्हील सिलिंडरमध्ये जाते, तिथले छोटे पिस्टन ब्रेक शू बाहेर ढकलतात आणि शूवरचे लायनर फिरत्या ड्रमला घासतात. द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे पास्कलने सतराव्या शतकात सांगितले. त्या तत्त्वावरचा ब्रेक अमेरिकेत माल्कम लॉकहीडने १९१७ मध्ये पेटंट केला आणि १९२१ च्या ड्यूझेनबर्ग गाडीत तो चारही चाकांवर आला. फोर्डसारखी कंपनी मात्र १९३९ पर्यंत सळ्या आणि वायरींवरच चालली.

या यंत्रणेत हिशेब असतो तो ऑइलच्या आकारमानाचा, आणि तो किती बारीक आहे हे आकड्यांतच कळते. समजा मास्टर सिलिंडरचा बोअर पाऊण इंच, म्हणजे १९ मिलिमीटर आहे. पिस्टन एक मिलिमीटर सरकला की सुमारे ०.२८ घनसेंटिमीटर ऑइल पुढे जाते. चारही चाकांना एक इंची व्हील सिलिंडर धरले तर प्रत्येकात दोन, म्हणजे एकूण आठ पिस्टन झाले. शू आणि ड्रममधली फट प्रत्येक ठिकाणी अर्धा मिलिमीटर वाढली, तर ती भरून काढायला दोन घनसेंटिमीटर ऑइल जादा लागते. त्यासाठी मास्टरचा पिस्टन सात मिलिमीटर जास्त सरकावा लागतो आणि तरफेमुळे पेडल तब्बल ३५ मिलिमीटर जास्त खाली जाते. अर्ध्या मिलिमीटरच्या फटीने जवळजवळ दीड इंच पेडल खाल्ले. या उदाहरणात हवेचा एक बुडबुडाही नाही.

आणखी एक गोष्ट नव्या मालकाने पहिल्याच दिवशी लक्षात ठेवावी. त्या पिढीतल्या बहुतेक गाड्यांत ब्रेकचे सर्किट एकच असे. आजच्यासारखी दोन स्वतंत्र सर्किटे अमेरिकेत १९६८ पासून सक्तीची झाली. इतरत्र ती हळूहळू रुळली. एकच सर्किट म्हणजे कुठेही एक पाइप फुटला की चारही ब्रेक एकदम गेले. म्हणून मऊ पेडल ही ‘सवडीने बघू’ अशी बाब नाही, आणि निदान होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नये.

पेडल काय सांगते

स्पॅनर हातात घेण्यापूर्वी गाडी सपाट जागी उभी करून पेडल तपासावे. पायाला जे जाणवते त्याचे चार ठळक प्रकार पडतात आणि प्रत्येकाची कारणे वेगळी असतात.

पहिला प्रकार: पेडल खोल जाते, पण जिथे थांबते तिथे घट्ट थांबते. लगेच दुसरा-तिसरा पंप मारला की वर येते आणि तिथेही घट्टच राहते. हा फटीचा दोष. शू पूर्ण मागे येण्याआधीच दुसऱ्या पंपाला मास्टर सिलिंडर जादा ऑइल पुढे ढकलतो, म्हणून पेडल वर येते. सिस्टिममध्ये हवा असेलच असे नाही.

दुसरा प्रकार: पेडल दबते, पण थांबण्याची जागा नक्की सापडत नाही, जितका जोर द्यावा तितके थोडे आणखी जाते. पंप मारून वर आले तरी लवचीकपणा कायम राहतो. इथे हवेचा संशय रास्त आहे. पण फुगणारे रबरी होज आणि ड्रमच्या गोलाईला न बसलेले लायनर हेही हुबेहूब तसेच जाणवतात.

तिसरा प्रकार: पेडल आधी नीट धरते, पण पाय तसाच ठेवला की हळूहळू खाली उतरते. याचा अर्थ ऑइल कुठेतरी निसटते आहे: एक तर बाहेर, नाही तर मास्टर सिलिंडरच्या आत रबरी सीलला वळसा घालून मागे. ही परीक्षा जोरात आणि हलक्या पायाने अशी दोन्ही प्रकारे करावी. झिजलेले सील जोराच्या दाबाखाली फुलून भिंतीला चिकटते आणि धरते. हलक्या दाबाखाली मात्र ऑइल सोडते. सिग्नलला हलका पाय ठेवून उभे असताना पेडल बुडते, पण जोरात मारल्यावर ठीक लागते, ही तक्रार बहुतेक वेळा इथली असते.

चौथा प्रकार: थंड असताना सगळे ठीक, घाट उतरल्यावर पेडल खाली. याची दोन निरनिराळी कारणे असतात. त्यांचा विचार ऑइलबरोबर करू.

या चारांत न बसणारी, पण लोक ज्याला ‘ब्रेक कमी आहे’ म्हणतात अशी एक अवस्था आहे: पेडल वर आणि कडक, तरी गाडी थांबत नाही. तिथे लायनर गुळगुळीत झालेले असतात, त्यांवर ग्रीस किंवा ऑइल आलेले असते किंवा व्हील सिलिंडर जाम झालेले असतात. हा वेगळा आजार आहे आणि एअर काढण्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

जुन्या गाडीत दोन-तीन दोष एकत्र नांदतात, ही खरी अडचण. फट वाढलेली, एक होज फुगणारा आणि मास्टरचे सील थकलेले, असे तिन्ही असले तर पायाला सरमिसळ जाणवते. म्हणून पेडलवरून अंदाज बांधावा, पण निकाल क्रमाने तपासूनच द्यावा.

आधी डोळे, मग हत्यारे

नव्याने घेतलेल्या गाडीत एक प्रश्न जादा असतो: आधीच्या मालकाने काय केले? बॉनेट उघडून ऑइलची टाकी पाहिली की बरेच कळते. टाकी जुनी, पिवळट पडलेली आणि ऑइल मात्र पाण्यासारखे स्वच्छ असेल, तर ते विक्रीच्या तोंडावर भरलेले आहे. तळाला काळा गाळ असेल तर तो आतल्या रबराचा भुगा आहे. चाकामागे वाकून एअर काढायचे निपल पाहावेत: सगळ्या प्लेटवर गंज आणि एकाच निपलच्या कडा पान्याने ताज्या घासलेल्या, म्हणजे त्या चाकाची एअर नुकतीच काढली गेली आहे आणि तिथेच काहीतरी दुखत होते. टायरच्या आतल्या बाजूला ओला डाग, बॅकप्लेटच्या खालच्या कडेला थेंब, पेडलजवळच्या कार्पेटखाली रंग सुटलेला पत्रा, या गळतीच्या नेहमीच्या जागा. ब्रेक ऑइल रंग खाते, त्यामुळे फुगलेला किंवा सोललेला रंग हा चांगला साक्षीदार असतो.

बरीच वर्षे उभी राहिलेली गाडी वेगळ्या तऱ्हेने फसवते. सिलिंडरच्या आत जिथे पिस्टन थांबला होता तिथे गंजाचे खड्डे पडलेले असतात. गाडी चालू केल्यावर सुरुवातीला ब्रेक लागतात. मग सीलची कड त्या खड्ड्यांवरून रोज सरकते, फाटते आणि काही आठवड्यांत गळती सुरू होते. ‘घेतली तेव्हा ब्रेक चांगले होते’ हे वाक्य अशा गाड्यांबाबत खरे असते आणि तरी निरुपयोगी असते.

फट: सर्वांत सामान्य कारण, सर्वांत शेवटी आठवणारे

त्या काळच्या बहुतांश ड्रम ब्रेकमध्ये लायनर झिजले की फट आपोआप भरून निघत नसे. ठरावीक किलोमीटरनंतर ॲडजस्टर फिरवावा लागे. आजच्या मेकॅनिकच्या पिढीला ही सवय उरलेली नाही आणि मालकाला तर ते ठाऊकच नसते. त्यामुळे पहिली तपासणी इथे हवी. ती फुकटची आहे आणि त्यात सिस्टिम उघडावी लागत नाही.

गाडी जॅकवर घेऊन घोड्यांवर ठेवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर चाकाखाली हात घालू नये. प्रत्येक चाकाचा ॲडजस्टर चाक जाम होईपर्यंत घट्ट करावा. चारही चाके अशी जाम केली की शू ड्रमला टेकलेले असतात आणि फट शून्य होते. आता पेडल दाबावे. ते वर आणि घट्ट लागले तर मास्टर सिलिंडर, पाइप, होज आणि ऑइल निदान त्या क्षणी तरी ठीक आहेत. दोष फटीत होता. तरीही स्पंजासारखे लागले तर मोर्चा हवा आणि होजकडे वळवावा. हळूहळू बुडाले तर मास्टरकडे. एवढ्या एका चाचणीने शोधाचे क्षेत्र निम्म्याने कमी होते.

नंतर ॲडजस्टर सैल करताना घाई नको. घट्ट करावा, पेडल जोरात दाबून शू मध्यावर बसू द्यावेत, पुन्हा घट्ट करावा आणि मग चाक मोकळे फिरेल, पण लायनरची अगदी पुसट घासणी कानाला येईल इतकाच मागे घ्यावा. ॲडजस्टर जाम असेल, किंवा शेवटापर्यंत फिरवूनही चाक जाम होत नसेल, तर ड्रम उघडायची वेळ आली.

ड्रम काढल्यावर दोन मापे महत्त्वाची. पहिले ड्रमच्या आतल्या व्यासाचे. वारंवार लेथवर मारलेला ड्रम पातळ आणि मोठा होतो. मूळ मापाच्या दीड मिलिमीटरपेक्षा जास्त वाढू देऊ नये असा सर्वसाधारण दंडक आहे, आणि पुष्कळ ड्रमवर कमाल माप कोरलेलेही असते. दुसरे, लायनर ड्रमच्या गोलाईला बसतात का. मोठ्या झालेल्या ड्रममध्ये मूळ मापाचे नवे लायनर घातले तर ते फक्त मध्यावर टेकतात. जोर दिला की शू वाकून दोन्ही टोके ड्रमकडे जातात, आणि ते वाकणे पायाला थेट स्पंजासारखे जाणवते. अशा गाडीची एअर दहा वेळा काढली तरी फरक पडणार नाही. ओळखायची युक्ती सोपी: ड्रमला आतून खडू फासून शू हाताने टेकवून फिरवावा आणि लायनरवर खडू कुठे उमटतो ते पाहावे. मध्येच पट्टा उमटला तर लायनर त्या ड्रमच्या मापाने घासून घ्यावे लागतील.

एक इशारा. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ड्रममधली धूळ हवेच्या प्रेशरने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी आणि फडके पिशवीत बांधून टाकावे.

याच गटातले आणखी एक कारण म्हणजे पुशरॉडचा मोकळा खेळ. पेडलची पिन आणि बुश झिजले की पहिला इंचभर प्रवास वायाच जातो. थोडा खेळ मात्र हवाच. तो पूर्ण संपवला तर पिस्टन मागे नीट बसत नाही, टाकीकडे जाणारे बारीक छिद्र झाकलेले राहते आणि गरम झालेल्या ऑइलला परतायला वाट उरत नाही. मग ब्रेक आपोआप लागू लागतात. पेडल वर आणण्यासाठी पुशरॉड लांब करण्याचा मोह म्हणूनच टाळावा.

मास्टर सिलिंडर

पेडल बुडते आणि बाहेर कुठेही थेंब नाही, तर संशय मास्टरवर. खात्री करायची तर त्याचा पाइप काढून तोंडाला योग्य आट्याचा प्लग घट्ट बसवावा, आतली हवा काढावी आणि पेडल दाबावे. धोंड्यासारखे लागले तर मास्टर निर्दोष. तरी बुडाले तर सील गेले.

सील गेले की सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे रबर किट. तो टिकेल का हे बोअरच्या भिंतीवर ठरते. सिलिंडर उघडून, स्वच्छ पुसून, आत नख फिरवावे. नख कुठेही अडकले तर त्यात नवे किट घालणे म्हणजे पैसे आणि श्रम दोन्ही वाया. होनिंग करून हलके डाग जातात, खड्डे जात नाहीत. आणि जास्त घासले तर बोअरच मोठा होतो. अशा वेळी नवा सिलिंडर किंवा जुन्यात स्लीव्ह हे दोनच मार्ग.

उभ्या राहिलेल्या गाडीत मास्टर बिघडण्याचे एक हमखास निमित्त म्हणजे एअर काढण्याची पद्धत. रोजच्या वापरात पिस्टन बोअरच्या ठरावीक भागातच सरकतो. त्यापलीकडचा भाग गंजलेला असू शकतो. एअर काढताना पेडल फळीपर्यंत दाबले की सील त्या खरखरीत भागात पहिल्यांदाच जाते आणि फाटते. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला तर हा प्रकार टळतो. गॅरेजमधून आल्यावर ब्रेक आधीपेक्षा बिघडले, अशी तक्रार येते तिच्यामागे बहुधा हेच असते.

ड्रमच्या गाड्यांत मास्टरच्या तोंडाशी एक छोटा व्हॉल्व्ह असतो. पेडल सोडल्यावरही तो पाइपांत थोडा दाब, साधारण दहा पीएसआय, टिकवून ठेवतो. त्यामुळे व्हील सिलिंडरची सील भिंतीला चिकटून राहतात आणि पेडल सुटताना बाहेरची हवा आत ओढली जात नाही. बदली म्हणून घातलेल्या मास्टरमध्ये हा व्हॉल्व्ह नसेल तर एअर काढूनही ती पुन्हा पुन्हा येत राहते. पेडल सोडलेले असताना निपल सैल केल्यावर ऑइलची लहानशी चिळकांडी उडाली तर व्हॉल्व्ह काम करतो आहे.

होज आणि पाइप

चाकाजवळचे रबरी होज बाहेरून धडधाकट दिसले तरी आतून फुगलेले असतात. एकाने पेडल दाबावे आणि दुसऱ्याने होज मुठीत धरावा. फुगणे हाताला कळते. होज आतून सुटून झडपेसारखेही वागतात: ऑइल जाऊ देतात, परत येऊ देत नाहीत, आणि ते चाक जाम राहते. एकेक होज विशिष्ट चिमट्याने बंद करून पेडल कुठल्या चाकामुळे मऊ आहे हे शोधण्याची रूढ पद्धत उपयोगी आहे, पण ती चांगल्या होजवर. जुना, तडकलेला होज चिमट्यात दाबला तर तो तिथेच संपतो. होजचे वय ठाऊक नसेल तर तपासत बसण्यापेक्षा सगळेच बदलावेत. गाडीतला हा सर्वांत स्वस्त विमा आहे.

धातूच्या पाइपांचा धोका क्लिपखाली असतो, जिथे चिखल साठतो. बदलताना आट्यांकडे लक्ष हवे: फियाटच्या वंशातले आटे मेट्रिक, जुन्या ब्रिटिश गाड्यांचे इंची. जवळपास बसणारा नट जोराने आवळला तर आज ठिबकतो आणि उद्या सुटतो.

हवा

हवा हे कारण खरेच असते, पण ती सिस्टिममध्ये शिरली कुठून, या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय ती काढण्याला अर्थ नाही. बंद सिस्टिममध्ये हवा आपण होऊन जन्माला येत नाही. टाकी रिकामी झाली, कुठे गळती आहे, सील सैल आहे किंवा काम करताना जोड उघडला, यांपैकी काहीतरी घडलेले असते.

ती काढायच्या पद्धती अनेक. दोघांनी मिळून एकाने पेडल दाबायचे आणि दुसऱ्याने निपल उघडायचा, ही जुनी पद्धत आजही चोख आहे. फक्त निपल बंद झाल्याशिवाय पेडल सोडायचे नाही आणि टाकी कधी आटू द्यायची नाही. साधारणपणे मास्टरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून, म्हणजे आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत बहुधा मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात करतात. गाडीच्या मॅन्युअलने वेगळा क्रम दिला असेल तर तो पाळावा. प्रेशरने ऑइल ढकलण्याची पद्धत एकट्याला सोयीची आणि सीलला सौम्य आहे. व्हॅक्यूम पंपाने ओढताना निपलच्या आट्यांतून बाहेरची हवा येते आणि बुडबुडे संपतच नाहीत असे वाटते. त्याला फसू नये. एअर काढण्यापूर्वी ॲडजस्टर घट्ट करून ठेवले तर व्हील सिलिंडरमध्ये हवेला जागा कमी राहते. नवा मास्टर घातला असेल तर त्याची एअर आधी बाकावर किंवा त्याच्याच जोडाशी काढून घ्यावी. मॉरिस मायनरसारख्या गाडीत मास्टर चालकाच्या पायाखाली, चासीच्या पोटात असतो. तिथे पाइपांचे चढउतार हवा अडकवतात आणि संयम लागतो.

पेडल रात्रभर काठीने दाबून ठेवायची एक लोकप्रिय युक्ती आहे. सकाळी पेडल खरेच बरे लागते, कारण बारीक बुडबुडे एकत्र येऊन सुटताना टाकीकडे निघून जातात. पण ती युक्ती लागू पडली याचा अर्थ हवा होती, एवढाच. ती कुठून आली हे शोधायचे काम तसेच बाकी राहते.

ऑइल

ग्लायकॉलचे ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ३ दर्जाचे ताजे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळते; त्यात ३.७ टक्के पाणी मिसळले की ही मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. मुंबई-कोकणच्या हवेत उभ्या राहिलेल्या गाडीतले ऑइल कुठल्या अवस्थेत असेल याचा अंदाज करता येतो. घाटात ते उकळले की वाफ होते, वाफ दबते आणि पेडल फळीला जाते. थंड झाले की पुन्हा ठीक. म्हणून मालकाला वाटते की काही झालेच नव्हते.

घाटातच पेडल खाली जाण्याचे दुसरे कारण ड्रमचे प्रसरण. अडीचशे मिलिमीटरचा बिडाचा ड्रम दोनशे अंशांनी तापला तर त्याचा व्यास अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त वाढतो. म्हणजे प्रत्येक बाजूला पाव मिलिमीटरवर फट. वरच्या हिशेबाने पेडल सुमारे १९ मिलिमीटर खाली. दोन्हींत फरक पायालाच कळतो. प्रसरणात पेडल खोल जाते पण घट्ट राहते, उकळण्यात ते पोकळ होते. पहिल्याला उपाय म्हणजे फट नीट ठेवणे आणि खंडाळ्याचा उतार दुसऱ्या गिअरमध्ये उतरणे. दुसऱ्याला उपाय म्हणजे ऑइल बदलणे, आणि पुढे दर दोन वर्षांनी बदलत राहणे.

टाकीत चुकून इंजिन ऑइल किंवा पेट्रोलियम जातीचे दुसरे काही पडले असेल तर मास्टरपासून शेवटच्या सीलपर्यंत सगळे रबर फुगते आणि सगळेच बदलावे लागते. जुन्या सिट्रोएनसारख्या काही गाड्यांना मात्र खनिज ऑइलच लागते. तिथे उलट ग्लायकॉल घातक.

डिस्क आणि बूस्टर असल्यास

१९५३ ची ल मॉन्सची शर्यत जॅग्वारने डिस्क ब्रेकवर जिंकली आणि १९५५ च्या सिट्रोएन डीएसमध्ये त्या रस्त्यावरच्या गाडीत आल्या. साठ-सत्तरच्या दशकांतल्या पुष्कळ गाड्यांत पुढे डिस्क, मागे ड्रम असतात. तिथे मऊ पेडलला तीन खास कारणे जोडली जातात. चाकाचे बेअरिंग सैल किंवा डिस्क वाकडी असेल तर ती फिरताना पॅड मागे ढकलते आणि पुढचा पहिला पंप खोल जातो. उभ्या गाडीत मात्र सगळे ठीक. दुसरे, ओव्हरहॉलच्या वेळी डावे-उजवे कॅलिपर अदलाबदल झाले तर निपल खाली येतो आणि वरची हवा कधीच निघत नाही. तिसरे, बूस्टरचे सील गेले तर ब्रेक ऑइल इंजिनात ओढले जाते; बाहेर गळती नसताना टाकी उतरते आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो.

वादाचे मुद्दे

जाणकारांत दोन पंथ आहेत. एकाचे म्हणणे, दोष शोधा आणि तेवढाच दुरुस्त करा. दुसऱ्याचे म्हणणे, अनोळखी गाडीत मास्टर, व्हील सिलिंडर, होज आणि ऑइल सरसकट नवे करा. एकाच सर्किटच्या गाडीत दुसऱ्याचे पारडे जड आहे, कारण एक सील थकले तर बाकीचीही त्याच वयाची आहेत. पण निदान न करता सगळे बदलणाऱ्याची फट आणि लायनरची गोलाई तशीच राहते आणि नव्या सुट्या भागांसह पेडल जुन्यासारखेच मऊ लागते. म्हणून आधी निदान, मग सरसकट बदल.

नवे की जुने पुन्हा तयार केलेले, हा दुसरा वाद. टॅक्सींमुळे पद्मिनीच्या सुट्या भागांचा बाजार मुंबईत दीर्घकाळ जिवंत राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी शहराच्या रस्त्यांवरून उतरली आणि तो आधार सुटला. आता कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या नाना पेठेत जुन्या खोक्यातले ‘ओरिजिनल’ किट मिळाले तर आनंद होतो, पण रबर कपाटातही म्हातारे होते. वीस वर्षे पडून असलेले किट हे नवे नव्हे. मूळ सिलिंडरमध्ये चांगली स्लीव्ह आणि ताज्या रबराचे किट हा त्यापेक्षा भरवशाचा मार्ग ठरतो.

सिलिकॉनचे डॉट ५ ऑइल पाणी शोषत नाही आणि रंग खात नाही, म्हणून उभ्या राहणाऱ्या गाड्यांसाठी त्याची शिफारस होते. पण त्यात हवा सहज विरघळते, पेडल किंचित मऊ लागते आणि ग्लायकॉलमध्ये ते मिसळता येत नाही. मऊ पेडलचा शोध चालू असताना तरी त्याच्या वाटेला जाऊ नये.

मोठ्या बोअरचा मास्टर बसवून पेडल ‘कडक’ करून देणे हा सर्वांत फसवा उपाय. पाऊण इंचाऐवजी सात-अष्टमांश इंचाचा मास्टर बसवला की पेडलचा प्रवास सुमारे २६ टक्क्यांनी घटतो, पण तितकाच ब्रेक लागायला पायाचा जोर ३६ टक्के जास्त लागतो. मालक खूश होतो आणि गाडी आधीपेक्षा उशिरा थांबते. पेडलचा कडकपणा म्हणजे ब्रेक नव्हे.

पुढे डिस्क बसवणे हा पर्याय रोजच्या वापरासाठी समजण्यासारखा आहे. पण तो मास्टर, व्हॉल्व्ह आणि चाकांचा हिशेब नव्याने मांडूनच करावा, बिघडलेल्या ड्रमला पर्याय म्हणून नव्हे. पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करण्याची सोय २०२१ च्या केंद्रीय नियमांनी केली आहे. मूळपणा जपायचा असेल तर मूळ ब्रेक पूर्ण निरोगी करणे हाच रस्ता.

क्रम

सगळ्याचे सार कामाच्या क्रमात आहे. पेडल वाचा, गळती शोधा, चारही ॲडजस्टर जाम करून पेडल पुन्हा वाचा. फट, ड्रम आणि लायनर आधी निपटा. मग मास्टर, होज आणि व्हील सिलिंडर. मग ताजे ऑइल. आणि एअर काढणे सर्वांत शेवटी. काम झाल्यावर इंजिन बंद ठेवून पेडल पूर्ण मिनिटभर जोरात, मग मिनिटभर हलके धरून ठेवा, चारही चाकांमागे टॉर्च मारून पाहा, आणि हँडब्रेक धरतो याची खात्री करून मोकळ्या मैदानात हळू वेगाने पहिली चाचणी घ्या. आठवड्याने टाकीची पातळी आणि फट पुन्हा तपासा, कारण नवे लायनर बसताना फट वाढतेच. आणि गाडी अजून घ्यायचीच असेल, तर ‘दोन पंप मारले की धरतात’ हे वाक्य ऐकल्यावर संपूर्ण ब्रेक दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करून मगच पुढचे बोलणे करा.